ट्विन लेन्स कॅमेऱ्याची फोकसिंग स्क्रीन: साफ केली तरी धूसर, आणि साफ केल्यावर फोकस चुकतो

ट्विन लेन्स कॅमेऱ्यात वरच्या लेन्समधून बघायचं आणि खालच्या लेन्सने फिल्मवर फोटो घ्यायचा. वरच्या लेन्सचं चित्र कॅमेऱ्याच्या माथ्यावरच्या खरखरीत काचेवर, म्हणजे फोकसिंग स्क्रीनवर दिसतं, आणि तिच्याभोवती उघडमीट होणारी पत्र्याची झडप म्हणजे हूड. या स्क्रीनबद्दल तक्रारी दोन असतात आणि बहुतेक वेळा एकामागोमाग येतात. पहिली अशी: हूड उघडलं की चित्र मळकट दिसतं, वरून कापड फिरवलं, ब्लोअर मारला, आणि पंधरा दिवसांत पुन्हा तेच. मग कोणीतरी हूड काढून स्क्रीन धुतो. चित्र लख्ख दिसायला लागतं आणि दुसरी तक्रार सुरू होते: स्क्रीनवर डोळ्याच्या पापण्या मोजता येतात, पण फिल्मवर चेहरा मऊ (फोकसबाहेर) आणि मागची भिंत कडक (फोकसमध्ये).

पहिल्या तक्रारीचं मूळ म्हणजे घाण नेमकी कुठल्या पृष्ठभागावर आहे हे न बघताच पुसणं. दुसरीचं मूळ म्हणजे स्क्रीन कुठली बाजू वर करून बसली होती हे न टिपणं. पुढचे आकडे याशिका मॅट-१२४ जी धरून दिले आहेत. हा कॅमेरा १९७० ते १९८६ या काळात निघाला आणि आजही सहज सापडतो. वरची लेन्स ८० मिमी एफ २.८, खालची ८० मिमी एफ ३.५ (एफचा आकडा जितका लहान, तितका लेन्समधून उजेड जास्त). रोलायकॉर्ड, ऑटोकॉर्ड, सीगल या दुसऱ्या ट्विन लेन्स कॅमेऱ्यांचे स्क्रू आणि क्लिपा वेगळ्या असतील, पण तत्त्व तेच. ल्युबिटेल मात्र यातून वगळा. तिच्या फाइंडरमध्ये मधोमध फक्त एक छोटा खरखरीत ठिपका असतो, बाकी सगळी नितळ काच. ती कितीही साफ केली तरी त्यावर फोकस दिसणार नाही.

आधी ठरवा, घाण कुठे आहे

प्रकाश वरच्या लेन्समधून येतो, ४५ अंशातल्या आरशावर आपटून वर वळतो, स्क्रीनच्या खालच्या बाजूवर पडतो, वरच्या बाजूने बाहेर येतो आणि हूडच्या भिंगातून डोळ्यात जातो. या वाटेवरचा एकही कण फिल्मवर उतरत नाही. त्यामुळे दोन-चार ठिपके दिसतात म्हणून कॅमेरा उघडू नका. उघडायचाच असेल तर आधी हे बघा.

हूडचं भिंग वर करून ठिपक्याकडे बघा. स्क्रीनवरच्या गाईड रेघांइतकाच तो ठिपका रेखीव दिसत असेल तर तो स्क्रीनवरच आहे. डोकं डावी-उजवीकडे हलवल्यावर तो रेघांवरून किंचित सरकत असेल तर रेघा एका बाजूला आणि ठिपका दुसऱ्या बाजूला आहे.

चित्राच्या खालच्या, म्हणजे तुमच्या पोटाकडच्या कडेजवळ कापसासारखा मऊ डाग दिसत असेल तर तो आरशावर आहे. आरसा पुढून मागे चढत जातो, त्यामुळे त्याचा मागचा काठ स्क्रीनच्या अगदी जवळ असतो आणि तिथली घाण थोडीफार दिसते. आरशाच्या पुढच्या भागावर माशी बसली तरी ठिपका म्हणून ती दिसणार नाही, फक्त तेवढा उजेड कमी होईल.

ठिपके नाहीत, पण सगळं चित्र दूध सांडल्यासारखं पांढुरकं आहे आणि खिडकीच्या दिशेने कॅमेरा धरला की आणखी फिकं पडतं? मग दोष वरच्या लेन्समध्ये आहे: तेलकट थर किंवा बुरशी. समोरून तिरका टॉर्च मारून बघा. बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते, तेलकट थर आरशावर फुंकर मारल्यावर दिसतो तसा. स्क्रीन धुऊन इथे काहीही फरक पडत नाही.

चित्र काळपट-पिवळसर असेल तर आरशाचा मुलामा गेला आहे. स्क्रीन काढल्यावर त्याच्या कडांना तपकिरी पट्टा आणि आत सुईने टोचल्यासारखी भोकं दिसतील. आणि मधोमध उजेड, कोपऱ्यांत अंधार असेल तर ती घाणच नाही. फ्रेनेल (गोल खाचांची, उजेड कोपऱ्यांपर्यंत पोचवणारी चपटी लेन्स) नसलेल्या साध्या घासलेल्या काचेवर असंच दिसतं.

पुन्हा पुन्हा का होतं

हूडच्या पत्र्यांचा काळा रंग वाळून त्याची भुकटी पडते आणि प्रत्येक उघडझापीत ती स्क्रीनवर येते. म्हणून स्क्रीनच्या आधी हूड साफ करा, तेही काढल्यावर, कॅमेऱ्यापासून लांब. पत्रे मऊ ब्रशने झाडा, बिजागरीत ब्रश घाला, भिंग पुसा. हे न करता फक्त स्क्रीन धुणाऱ्यांची धूळ आठवड्यात परत येते.

दुसरं कारण ग्रीस. फोकसच्या यंत्रणेतलं जुनं ग्रीस पातळ होतं, त्याची वाफ आतल्या काचांवर बसते आणि बोटाने रेघ ओढता येईल असा थर तयार होतो. पुसला की दोन-तीन महिन्यांनी परत येतो. यावर उपाय म्हणजे ग्रीस बदलणं, आणि ते काम कारागिराचं आहे.

तिसरं दमट हवा. मुंबई, कोकण, गोवा इथे चार महिने चामड्याच्या केसमध्ये बंद ठेवलेला कॅमेरा म्हणजे बुरशीचं घर. चामडं ओल धरून ठेवतं. केस वेगळी ठेवा आणि कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल आणि स्वस्तातल्या आर्द्रतामापकासह. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहिला पाहिजे.

उघडणं

लागणारं सामान: जेआयएस (जपानी मानकाच्या) टोकाचा ०० किंवा ० नंबरचा स्क्रूड्रायव्हर, रबरी ब्लोअर, मऊ रंगकामाचा ब्रश, भांडी घासायचं लिक्विड, डिस्टिल्ड वॉटर, लेन्स टिश्यू, पावडर नसलेले हातमोजे, व्हर्निअर कॅलिपर, आणि स्क्रू चिकटवून ठेवायला टेप. जपानी कॅमेऱ्याच्या फुलीच्या खाचेच्या स्क्रूला साधं फिलिप्स टोक लावलं तर ते उचकटून वर येतं आणि स्क्रूचं डोकं खातं. फिरवण्यापेक्षा दाबण्यावर जास्त जोर ठेवा.

१२४ जीचं हूड चार छोट्या स्क्रूंवर बसतं. हूड उघडं ठेवून ते काढा, ज्या कोपऱ्यातला त्या जागेवर टेपवर चिकटवा, आणि हूड सरळ वर उचला, तिरकं नको. या मॉडेलमध्ये हूड उघडलं की उजेड मोजणारा मीटर चालू होतो, म्हणजे हूड आणि मीटरचा स्विच यांचा संबंध आहे. उचलण्यापूर्वी फोनवर फोटो काढा. रोलायफ्लेक्सच्या एफ मालिकेत आणि रोलायकॉर्ड ५-बीमध्ये हूड हत्याराशिवाय निघतं. त्याआधीच्या बहुतेक रोलाय कॅमेऱ्यांत स्क्रू आहेत आणि ते सपाट खाचेचे आहेत.

स्क्रीन मॉडेलप्रमाणे स्प्रिंगपट्ट्यांनी किंवा तारेच्या क्लिपांनी दाबलेली असते. क्लिप सोडताना दुसऱ्या हाताचं बोट तिच्यावर ठेवा, नाहीतर ती टेबलाखाली जाईल. मग थांबा. स्क्रीनच्या कडेवर, पृष्ठभागावर नव्हे, बारीक मार्करने बाण काढा: पुढे कुठे, वर कुठे. फ्रेनेल वेगळी असेल तर दोन्हींवर काढा, क्रमही लिहा.

स्क्रीन उचलल्यावर कोपऱ्यांच्या बैठकीकडे टॉर्च मारा. तिथे कागदाच्या किंवा पितळी पत्र्याच्या चकत्या असू शकतात. कारखान्यात प्रत्येक कॅमेऱ्याची उंची जुळवायला त्या घातलेल्या असतात, आणि चारही कोपऱ्यांत सारख्याच असतील असं नाही. कधी त्या स्क्रीनच्या पोटाला चिकटून वर येतात आणि बेसिनमध्ये वाहून जातात. मग चित्राची एक बाजू फोकसमध्ये आणि दुसरी बाहेर, आणि दोष लेन्सला.

बाजू ओळखणं

स्क्रीन ट्यूबलाइटखाली तिरकी धरा. नितळ बाजूवर ट्यूबचं प्रतिबिंब काठासकट दिसतं. खरखरीत बाजूवर फक्त पांढरा धूसर पट्टा. फ्रेनेलच्या बाजूवर ग्रामोफोनच्या तबकडीसारखी इंद्रधनुषी वर्तुळं फिरतात, आणि अगदी कडेला नख लावलं तर खाचा जाणवतात. नख फक्त कडेला, मध्ये नको.

धुणं

आधी काच की प्लॅस्टिक ते बघा. कडेवर टिचकी मारली की आवाजावरून कळतं, वजनावरूनही.

काच असेल तर कोमट पाणी, लिक्विडचा एक थेंब, बोटाच्या पेराने दोन्ही बाजू हलक्या चोळा, भरपूर पाण्याने धुवा आणि शेवटी डिस्टिल्ड वॉटर ओता. नळाच्या पाण्याचा एक थेंब जरी खरखरीत बाजूवर वाळला तरी क्षाराचं गोल कडं राहतं आणि भिंगातून ते नाण्याएवढं दिसतं. गाईड रेघा रंगाच्या असतील तर आधी एका कोपऱ्यात ओला इअरबड टेकवून बघा. बडवर रंग आला तर रेघांना हात लावू नका.

खरखरीत बाजूला उघडं बोट लागलं तर तिथे डाग काळा दिसत नाही, उलट जास्त पारदर्शक दिसतो. त्वचेचं तेल त्या सूक्ष्म खड्ड्यांत भरतं आणि प्रकाश विखुरणं थांबतं. असे उजळ पॅच दिसले तर साबणाने पुन्हा धुवा, कोरडं कापड फिरवून ते पसरतात.

प्लॅस्टिकची फ्रेनेल असेल तर नियम कडक आहेत. वाटीत कोमट पाणी आणि लिक्विडचा थेंब, त्यात दोन मिनिटं बुडवून ठेवा, मग ब्रश खाचांच्या दिशेने म्हणजे गोल गोल फिरवा. आडवा नाही. कापड, टिश्यू, कापूस काहीही नको, कारण खाचांची टोकं मऊ असतात आणि त्यांवर पडलेली रेघ पॉलिश करून जात नाही. अल्कोहोल, अ‍ॅसिटोन, पेट्रोल, काचा पुसायचा निळा स्प्रे यांतलं काहीही वापरू नका. अ‍ॅक्रिलिकला अल्कोहोलने केसासारख्या तडा जातात, कधी लगेच, कधी दोन दिवसांनी. अल्ट्रासॉनिक टबही नको.

दोन थर कडेने टेपने जोडलेले असतील तर अख्खं सँडविच पाण्यात बुडवू नका. पाणी थरांमध्ये ओढलं जातं आणि महिनाभर बाहेर येत नाही. आधी टेप सोडवा.

वाळवताना ब्लोअरने थेंब उडवा, स्क्रीन कडेवर उभी करा आणि वर एक मोठं पातेलं उपडं घाला. पंख्याखाली ठेवलेली ओली स्क्रीन म्हणजे धुळीला आमंत्रण.

आरसा

याचा मुलामा पुढच्या पृष्ठभागावर असतो, घरच्या आरशासारखा काचेमागे नाही. पहिला उपाय ब्लोअर, आणि बहुतेक वेळा शेवटचाही तोच. तेलकट थर असेलच तर लेन्स टिश्यूचा तुकडा आरशावर ठेवा, त्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब टाका आणि टिश्यू एका टोकाला धरून स्वतःच्याच वजनाने एका दिशेने ओढा. दाब शून्य. एक टिश्यू एकदाच. कडा तपकिरी झालेल्या आरशावर हेही करू नका, उरलेला मुलामा टिश्यूबरोबर येईल.

आरसा बदलताना पुढच्या मुलाम्याचाच घ्या. साध्या आरशात मुलाम्याचं एक आणि काचेच्या पृष्ठभागाचं दुसरं, अशी दोन प्रतिबिंबं दिसतात. जाडी जुन्याएवढीच हवी. आरसा पाठीवर टेकत असेल तर जाडीतल्या ०.१ मिमी फरकाने फोकस ०.१४ मिमी सरकतो, कारण ४५ अंशात तो फरक १.४ पट होतो.

उलटी बसली तर नेमकं काय होतं

बहुतेक ट्विन लेन्स कॅमेऱ्यांत खरखरीत बाजू खाली, आरशाकडे असते आणि तीच बैठकीवर टेकते. अशा रचनेत काचेची जाडी महत्त्वाची नसते. तीच १.५ मिमीची काच उलटी घातली की खरखरीत पातळी १.५ मिमी वर जाते. काचेतून जाताना प्रकाशाची वाट लांबते म्हणून प्रत्यक्ष चूक साधारण १ मिमी होते. आकडा छोटा वाटतो, पण ८० मिमी लेन्सवर त्याचा अर्थ असा: स्क्रीनवर १ मीटरवरचा चेहरा कडक दिसेल, आणि फिल्मवर सुमारे १.१५ मीटरवरची भिंत. एफ ३.५ ला १ मीटरवर चालून जाणारी चूक दोन्हीकडे जेमतेम अडीच सेंटिमीटर असते. इथे पंधरा गेले.

हा दोष फिल्म न घालता पकडता येतो. फोकसचा नॉब अनंतावर, म्हणजे सर्वात दूरच्या खुणेवर आणा आणि स्क्रीनवर बघा. दूरची टाकी धूसर आणि साधारण साडेसहा मीटरवरचं झाड ठसठशीत दिसत असेल तर स्क्रीन उलटी बसली आहे.

वेगळी फ्रेनेल खरखरीत काचेच्या वरची खाली गेली तरी चूक होते. १ मिमी जाडीचा थर मध्ये आला तर प्रतिमा सुमारे ०.३ मिमी पुढे सरकते.

फोकस तपासणं

बाण बघून स्क्रीन बसवली, चकत्या जागेवर आहेत, क्लिपा लावल्या. हूड लावण्याआधी तपासा.

मागचं झाकण उघडा. फिल्म गेटला, म्हणजे फिल्म जिच्यावर टेकते त्या चौकटीला, रुळांच्या दोन जोड्या असतात: आतली खोल जोडी फिल्मसाठी, बाहेरची किंचित उंच जोडी फिल्म मागून दाबणाऱ्या प्रेशर प्लेटसाठी. घासलेल्या काचेचा तुकडा आतल्या रुळांवर बसेल इतक्या रुंदीचा कापून घ्या आणि खरखरीत बाजू लेन्सकडे करून ठेवा. बाहेरच्या रुळांवर ठेवलात तर सगळं मोजमाप चुकेल, आणि ही चूक फार होते. ताणलेली सेलोटेपही चालते असं सांगतात, पण ती मध्ये झोळ खाते.

कॅमेरा ट्रायपॉडवर, शटर बी वर (बटण दाबलं असेपर्यंत उघडं राहतं), केबल रिलीज (बटण दाबून धरणारी तार) लॉक, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं. ८ ते १० पट मोठं दाखवणारं भिंग दोन्हीकडे वापरा. आधी अनंत: ३०० मीटरपेक्षा लांबची टोकदार वस्तू पुरते, तिथे उरलेली चूक ०.०२ मिमीच्या आसपास असते. मग १ मीटर: छापील वर्तमानपत्र भिंतीला लावा. दोन्ही ठिकाणी वर स्क्रीनवर आणि मागे फिल्मगेटच्या काचेवर एकाच वेळी कडक दिसलं पाहिजे. चारही कोपरे तपासा.

फिल्मगेटवर अनंत बरोबर आणि वर चूक, तर वरची बाजू जुळवायची. नॉब अनंतावर असताना स्क्रीनवर जवळची वस्तू कडक दिसत असेल तर स्क्रीन उंच आहे, चकती काढा. कुठेच कडक होत नसेल आणि नॉब थोडा पुढे काढल्यावर दूरचं कडक होत असेल तर स्क्रीन खाली आहे, चकती घाला. साधा छपाईचा कागद जवळपास ०.१ मिमीचा असतो, तिथून सुरुवात करा, जुळल्यावर त्याच जाडीचा पितळी पत्रा घाला. पावसाळ्यात कागद फुगतो. फिल्मगेटवरच अनंत चुकत असेल तर खालच्या लेन्सचा प्रश्न आहे. त्याची भरपाई वर चकत्या घालून करू नका.

बदलायची असेल तर

जुनी स्क्रीन चारही कोपऱ्यांत कॅलिपरने मोजा: लांबी, रुंदी, जाडी. नवी ०.२ मिमीने लहान चालेल, मोठी चालणार नाही. घट्ट बसवलेलं प्लॅस्टिक मे महिन्यात फुगून मध्ये वर येतं.

मामिया आरबी ६७ या मोठ्या कॅमेऱ्याची स्क्रीन कापून लावणं हा जुना आणि चांगला मार्ग. दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा, फ्रेनेलचं केंद्र शोधून तिथून चारही बाजू मोजा, धारदार सुरीने दहा-पंधरा वेळा खाच पाडा आणि बारीक दात्यांच्या करवतीने कापा. कडा पाण्याखाली घासा. केंद्र तीन मिमीने सरकलं तर उजेड एका कोपऱ्याकडे झुकलेला दिसतो. बाजू आणि जाडी जुन्यापेक्षा वेगळी असल्याने चकत्यांचं काम पुन्हा करावंच लागतं.

फार उजळ स्क्रीन विकत घेताना एक लक्षात घ्या. जितकी बारीक खरखर, तितका उजेड जास्त आणि फोकसची पातळी ओळखणं तितकं कठीण, कारण डोळा स्क्रीनपलीकडच्या प्रतिमेवर स्वतःच जुळवून घेतो. पोर्ट्रेटसाठी मध्यम उजळ बरी. स्प्लिट इमेजचा ठिपका (मधला गोल, ज्यात फोकस चुकला की चित्र दोन तुकड्यांत सरकलेलं दिसतं) एफ २.८ ला नीट चालतो. ज्यांची वरची लेन्स एफ ३.५ किंवा त्याहून मंद आहे त्यांच्यात डोळा जरा हलला की त्याचं अर्धं वर्तुळ काळं पडतं.

काच घरीही करता येते. फ्रेम करणाऱ्याकडून १.५ ते २ मिमीची काच मापात कापून घ्या, कडा ओल्या पत्थरावर मारा. जाड सपाट काचेवर ४०० नंबरची सिलिकॉन कार्बाइड पावडर चिमूटभर, पाण्याचे थेंब, आणि इंग्रजी आठच्या आकारात हलक्या हाताने फिरवा. आवाज करकर थांबला की पावडर झिजली, धुऊन नवी घ्या. दहा मिनिटांनी ६०० नंबर, आणखी दहा मिनिटं. काच वाळवून ट्यूबखाली बघा: चकाकती बेटं उरली असतील तर काम अर्धवट आहे. शेवटी ५ मायक्रॉनची अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड फिरवली तर दाणा मऊ होतो. फक्त एक बाजू घासायची.

हूड लावताना चारही स्क्रू आधी अर्धे बसवा, मग कर्णाच्या क्रमाने आवळा. १२४ जीमध्ये हूड दोनदा उघडझाप करून मीटरचा काटा हलतो का ते बघा. मग १२० फिल्मचा (१२ फ्रेमचा) एक रोल घाला आणि पहिल्या तीन फ्रेम एफ ३.५ वर, ट्रायपॉडवरून खर्च करा: १ मीटरला तिरकी धरलेली फूटपट्टी, ३ मीटरला दाराची चौकट, आणि दूरची टाकी. फूटपट्टीवर फोकस १५ वर धरला होता आणि निगेटिव्हमध्ये १५ च कडक आहे, तर उरलेल्या नऊ फ्रेम तुमच्या.